चालत्या कामाच्या मागची गाडी

प्रश्न : माझा धाकटा भाऊ पुणे-बंगळूर महामार्गावर साताऱ्याजवळ दुभाजकातील झाडांना पाणी घालणाऱ्या टँकरमागे लाल झेंडा घेऊन चालतो. एवढी काळजी पुरेशी आहे का? (एक वाचक, उंब्रज)

उत्तर : नाही. ताशी 80 किलोमीटर वेगातील वाहन सेकंदाला सुमारे 22 मीटर पुढे जाते आणि धोका दिसल्यापासून ते पूर्ण थांबेपर्यंत भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकांत 120 मीटर अंतर धरलेले आहे. झेंडा तेवढ्या लांबून, धुळीत आणि उन्हाच्या तिरपेत, दिसतच नाही. म्हणून टँकरमागे त्याच मार्गिकेत पिवळा फिरता दिवा व बाणाचा फलक लावलेली वेगळी गाडी अंतर राखून चालली पाहिजे, आणि वळण किंवा चढाचा माथा आला की तिने अलीकडेच रेंगाळून, टँकर दृष्टीआड होण्यापूर्वीच, मागच्या वाहनांना सावध केले पाहिजे. खंबाटकीसारख्या घाटात तर याला पर्यायच नाही.

या दोन गाड्यांमधील मोकळ्या जागेत मात्र कोणीही चालू नये, कारण मागून ट्रक आदळला तर ती गाडी पुढे ढकलली जाते. झेंडेवाल्याने चमकत्या पट्ट्यांचे जाकीट घालून रस्त्याच्या कडेला, वाहनांकडे तोंड करून उभे राहावे. ही गाडी आणि जाकीट देणे ठेकेदाराचे काम आहे. भावाने त्याच्याकडे तशी लेखी मागणी करावी आणि गाडी व जाकीट मिळेपर्यंत हे काम करण्यास ठाम नकार द्यावा.