माळ्यावरचे ६२ किलो

माई, नमस्कार.

माझं वय ५९, राहणार सातारा. घट बसायच्या आधी घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला. तिथे आमच्या ह्यांचे दिवाळी अंक होते, चार खोकी. १९८९ ला आमचं लग्न झालं तेव्हापासून २०१९ पर्यंतचे, दरवर्षी चार-पाच. करोनानंतर हे अंक वाचनालयातूनच आणतात, म्हणून पुढचे नाहीत. हे तेव्हा पुतण्याकडे नागपूरला गेले होते. दारात रद्दीवाला उभा, घरात रंगारी उभा, मी म्हटलं, ने बाबा. ६२ किलो भरले. पेपरला १४ रुपये भाव दिला त्याने, मासिकांना १२. ७४४ रुपये आले. त्यात भर घालून मी पितळी सोऱ्या घेतला, जुन्याची चकती पार झिजली होती.

रात्री आठवलं. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला, फराळ झाला की हे स्टुलावर चढतात, हाताला लागेल तो एक अंक काढतात आणि आम्हाला त्यातलं काहीतरी वाचून दाखवतात. ३० वर्षं हे चाललंय. बाकी वर्षभर खोक्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही, म्हणून ऐन वेळी माझ्या डोक्यातच आलं नाही.

हे परत आलेत, अजून वर बघितलेलं नाही. मुलगा म्हणतो, जुनी पुस्तकं विकणाऱ्यांकडून तसेच अंक आणून खोकी भरून टाकू, बाबांना पत्ता लागणार नाही. एकच अंक वाचलाय, १९९७ चा. त्याच्या मलपृष्ठावर आईने फोनवर सांगितलेलं अनारशाचं प्रमाण मी लिहून घेतलं होतं, म्हणून तो ओट्याच्या ड्रॉवरमध्ये असतो. खरं सांगू? रात्रीची झोप उडालीय, पण रिकामा माळा बघून बरंही वाटतं. ह्यांना सांगू, की खोकी भरू?

माळ्याची गुन्हेगार

ताई,

पत्र आलं त्याच दिवशी तुम्हाला निरोप धाडला होता, की आधी रद्दीवाल्याला गाठा, माझ्या उत्तराची वाट बघत बसू नका. गाठला असेल अशी आशा आहे. रद्दी घरातून उचलली की लगेच गिरणीत जात नाही. दुकानात पेपर वेगळे, पुठ्ठा वेगळा, वह्या-मासिकं वेगळी असे ढीग पडतात, गठ्ठे बांधले जातात, टेम्पोभर माल जमला की मोठ्या गोदामात आणि तिथून मग कागदगिरणीत लगद्याला. छोट्या दुकानदाराकडे माल जमायला दिवस लागतात. शिवाय हुशार रद्दीवाला जुने दिवाळी अंक बाजूला काढतो, कारण जुनी पुस्तकं विकणारे ते वजनावर नव्हे, नगावर उचलतात. म्हणजे त्यातले दहा किलो सापडले तरी १२ च्या भावाने परत मिळणार नाहीत हे धरून चला. घासाघीस जरूर करा, पण रडवेल्या चेहऱ्याने करू नका. भाव चढतो.

आता मुलाची युक्ती. ती मी एकदा स्वतः करून बसले आहे, म्हणून अधिकाराने बोलते.

आमच्याकडे कॅरम होता. नवऱ्याचा स्ट्रायकर मात्र वेगळ्या डबीत, पिवळट झालेला, कडेला बारीक टवका उडालेला. एका पावसाळ्यात बोर्डाला फुगवटा आला तेव्हा मी तो इमारतीतल्या पोरांना देऊन टाकला, डबीसकट. चूक कळेपर्यंत पोरांनी स्ट्रायकर गटारात घालवला होता. मग मी खेळाच्या दुकानातून तसाच एक आणला. पण नवा तो नवाच, लखलखीत. म्हणून रात्रभर चहाच्या पाण्यात बुडवून ठेवला, सकाळी ओट्याच्या कडप्प्यावर घासला आणि सांडशीने कडेचा टवकासुद्धा उडवला. माझ्या कारागिरीवर मी खूश होते. रविवारी नवऱ्याने पावडर टाकली, एक सोंगटी मारली, स्ट्रायकर उचलून तळहातावर तोलला आणि म्हणाला, "हा तो नव्हे." स्पर्धेतला स्ट्रायकर १५ ग्रॅमच्या वर चालत नाही, तेव्हा दोघांत फरक असून असून ग्रॅम-दीड ग्रॅमचा असेल. तेवढा त्याच्या बोटाला कळला. मी सगळं कबूल केलं. स्ट्रायकर गेला याचं त्याला विशेष काही वाटलं नाही, पोरांनी घालवला, चालायचंच, म्हणाला. पण त्या टवक्यावरून अंगठा फिरवत राहिला आणि विचारलं, "हा तू पाडलास?"

त्यावर काय बोलायचं हे मला आजतागायत सुचलेलं नाही.

तुमच्या मुलाला सांगा, खोकी भरणं म्हणजे सांडशीने टवका उडवणं. आणि त्याची युक्ती तशीही टिकायची नाही. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैज लावायला तयार आहे: प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर ह्यांची सही आणि तारीख असणार. मध्येच कुठेतरी खुणेसाठी एसटीचं तिकीट. शब्दकोडं अर्धं ह्यांनी पेनने सोडवून सोडून दिलेलं, उरलेलं तुम्ही पेन्सिलीने पुरं केलेलं. वार्षिक भविष्यात दोघांच्या राशींखाली रेघ. १९५१ साली मधुकर पाटकरांनी सुरू केलेला 'आवाज' तुमच्याकडे येत असेल, तर त्यातल्या खिडकीचित्रांच्या झडपा तुमच्याच चिरंजीवांनी लहानपणी ओढून फाडलेल्या असणार. आई स्वयंपाकघरात आणि बाबा बाजारात असताना ती झडप उघडून बघितली नाही असं मराठी पोर मला अजून भेटायचंय. त्या जागी चिरंजीव कोरा करकरीत अंक आणून ठेवणार आणि ह्यांना पत्ता लागणार नाही? पहिल्याच खिडकीला लागेल.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, खोक्यांकडे वर्षभर कुणी ढुंकून बघत नाही. यावर बायकांचा फार भरवसा असतो. जे वापरात नाही ते नकोसं झालंय, असा आपला हिशोब. दिवाळी अंकाला तो लागू पडत नाही. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण फराळाच्या ताटाशेजारी वाचायचं सामान ठेवत आलोय. बंगाल्यांचे पूजेचे अंक सोडले, तर सणासाठी घराघरात छापील गठ्ठा आणणारे लोक मला तरी दुसरे माहीत नाहीत. चकली, चिवडा, अंक. यातलं चकली-चिवडा तुळशीच्या लग्नापर्यंत संपतं. अंक उरतो, म्हणून माळ्यावर जातो. वर्षातून एकदा खाली येतो हेच त्याचं वापरात असणं. आकाशकंदिलाला कुणी विचारतं का, की बाबा रे, जूनमध्ये तू काय करतोस?

तेव्हा सांगायचं, आणि आजच सांगायचं. नरकचतुर्दशीच्या पहाटे हे स्टुलावर उभे, अंगाला उटण्याचा वास, हात माळ्यावर चाचपडतोय आणि खाली तुम्ही बशी धरून उभ्या, हा प्रसंग डोळ्यांपुढे आणा म्हणजे धीर येईल. मुलाला मध्ये घालू नका. जेवण वाढताना नको, कुणी पाहुणे असताना नको. चहा झाला की समोर बसून म्हणा, "अहो, माळ्यावरचे तुमचे दिवाळी अंक मी तुम्हाला न विचारता रद्दीत घातले." एवढंच वाक्य. 'दिले गेले' म्हणू नका, शाळेत शिकवलं होतं तसा वाक्याला कर्ता असू द्या. रंगारी, रद्दीवाला, धूळ, यांतल्या कुणालाही पहिल्या वाक्यात शिरू देऊ नका. ती मंडळी खरी आहेत, पण त्यांची पाळी नंतर.

मग हे काय करतील? तुमची ३०-३५ वर्षांची माहिती माझ्यापेक्षा जास्त. एक मात्र बहुतेक होईल: एकेका अंकाचं नाव घेऊन विचारतील. तो त्यात होता का, आणि तो जाड, निळ्या कव्हरचा? प्रत्येक वेळी तुम्हाला "होता" म्हणावं लागेल. तसं म्हणा. "आता विचारून काय उपयोग" हे वाक्य त्या संध्याकाळपुरतं जिभेखाली ठेवा. कदाचित फिरायला निघून जातील. जाऊ द्या.

आता रिकाम्या माळ्याचं. बरं वाटलं, त्याची लाज कशाला? ३० वर्षं दर दसऱ्याला ती खोकी खाली कोण घेत होतं? कसर लागली का बघणं, कडुनिंबाचा पाला बदलणं, डांबरगोळ्या टाकणं, गंजलेल्या पिनांनी बोट कापून घेणं, हे सगळं पत्रात नाही, पण न लिहिताही कळतं. छंद त्यांचा आणि झाडलोट तुमची, ही वाटणी कुणी ठरवली होती? माझं मत विचाराल तर ह्यांचंही थोडं चुकलंय. ज्या वस्तूवर एवढा जीव, तिची धूळ तीन दशकांत एकदाही स्वतः पुसावीशी वाटू नये? हे त्यांना जरूर सांगा, फक्त कबुलीच्या दिवशी नको. त्या दिवशी सांगितलंत तर ती सबब वाटेल. आठवडाभराने सांगा, तक्रार म्हणून.

त्या तक्रारीतून निघायला हवं ते एक खोकं. तुमच्याच आकड्यांवरून एका खोक्यात ३५ अंक मावत होते. इथून पुढे घरात तेवढेच, आणि त्यांची झाडपूस ह्यांची. नवीन अंक आला की जुना एक वाचनालयात द्यायचा. दिवाळी अंकांची योजना तुमच्या वाचनालयात असेलच, वर्गणी भरायची आणि महिनोन् महिने अंक फिरवत राहायचे. मला विचाराल तर अंक वाचायची खरी रीत तीच, आधी कुणीतरी कोडं सोडवून ठेवलेलं असतं एवढाच काय तो त्रास. आणि घरात नातवंडं असतील तर 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर ठेवले आहेत, फुकट. त्यांना माळा लागत नाही.

मुलाच्या युक्तीतला एक तुकडा मात्र मी उचलते. जुने अंक शोधायला जा, पण ह्यांना घेऊन जा. साताऱ्याहून पुणे काही लांब नाही. रस्त्याकडेला जुनी पुस्तकं मांडून बसतात तिथे दोघांनी उकिडवं बसायचं आणि ढीग उपसायचा. १९८९ चा एखादा मिळाला, तुमच्या लग्नाच्या वर्षाचा, तर घ्या. त्याच्या पहिल्या पानावर भलत्याच कुणाची सही असेल, कोडं भलत्याच कुणी पेन्सिलीने सोडवलेलं असेल. ते खोडू नका. तो अंकही कुणाच्या तरी बायकोने किलोवर घातलेला आहे. नाही मिळाला तर मिसळ खाऊन परत या.

या दिवाळीला स्टुलाची गरज नाही, ओट्याचा ड्रॉवर आहे. १९९७ चा अंक ह्यांच्या हातात द्या आणि आधी वार्षिक भविष्य वाचायला लावा. मुलाच्या राशीला त्या वर्षी काय लिहिलंय आणि पठ्ठ्याने प्रत्यक्षात काय दिवे लावले, हे त्याच्यासमोरच पडताळून बघा. त्याला तेवढी शिक्षा हवीच, युक्ती त्याची होती. शेवटी मलपृष्ठ उलटा. तुम्ही लिहिलंय त्यावरून ते प्रमाण आईने सांगितलेलं आहे. तेही ह्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा, तांदूळ किती आणि गूळ किती.

रद्दीचे किती आले असं हे विचारतील. ७४४ सांगा. त्याचं काय केलंस असं विचारलं तर सोऱ्याही सांगा. नाहीच विचारलं, तर पहिला घाणा काढेपर्यंत थांबायला हरकत नाही.

माई