पाउलुसचे हुद्दे मराठीत कसे लिहावेत?

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडला सोव्हिएत फौजांना शरण गेलेल्या जर्मन सेनानी फ्रीडरिख पाउलुसची कारकीर्द मराठीत लिहायची आहे. वाचनात तो कुठे 'टँक जनरल' म्हणून येतो, कुठे 'कर्नल जनरल', तर कुठे 'फॉन पाउलुस'. मराठीत काय लिहावे?

जर्मन हुद्द्याची फोड करून तुकड्यातुकड्याने भाषांतर करू नका. मूळ हुद्दा देवनागरीत एकदा द्यावा, तो उतरंडीत कुठे बसतो हे अर्ध्या वाक्यात सांगावे आणि पुढे नुसते 'पाउलुस' लिहावे.

फोड का नको, ते पाहा. जर्मन लष्करात तेव्हा ब्रिगेडियर हा हुद्दाच नव्हता. ओबर्स्ट म्हणजे कर्नल, आणि त्याच्या वर थेट जनरलमायोर. पाउलुस जानेवारी १९३९मध्ये जनरलमायोर झाला, ऑगस्ट १९४०मध्ये जनरललॉयटनांट. ही नावे आपल्या मेजर जनरल आणि लेफ्टनंट जनरलसारखी दिसतात, पण प्रत्यक्षात दोन्ही एकेक पायरी खाली आहेत. जनरललॉयटनांट हा आपल्या मेजर जनरलच्या बरोबरीचा. मग जनरलमायोरला 'ब्रिगेडियर' म्हणावे का? तेही नको. १९४०मध्ये जर्मन सेनानी रोमेलने फ्रान्समध्ये सातवी पान्त्सर (रणगाडा) डिव्हिजन नेली ती जनरलमायोर असतानाच, आणि ब्रिगेडियरच्या हाती आख्खी डिव्हिजन दिसली की मराठी वाचक अडखळणारच. मूळ नाव ठेवा म्हणतो ते याचसाठी.

जानेवारी १९४२मध्ये पाउलुस 'जनरल डेर पान्त्सरट्रुप्पे' झाला. हा हुद्दा आपल्या लेफ्टनंट जनरलच्या तोडीचा. त्यातला 'पान्त्सर' अधिकाऱ्याचे मूळ दल सांगतो, हाताखाली काय आहे ते सांगत नाही. पायदळाचा असता तर तो 'जनरल डेर इन्फान्टरी' झाला असता. पाउलुसने मोटार वाहतूक बटालियन सांभाळली होती आणि पुढे रणगाडा दलाच्या मुख्यालयात चीफ ऑफ स्टाफ म्हणून काम केले होते, म्हणून हे बिरूद. त्याच महिन्यात त्याच्याकडे आलेल्या सहाव्या आर्मीत मात्र भरणा पायदळाचाच होता. 'रणगाडा जनरल' लिहिलेत तर वाचकाच्या डोळ्यांसमोर रोमेलसारखा, रणगाड्यांच्या ताफ्यापुढे धावणारा माणूस उभा राहील. पाउलुस तसा नव्हताच. तो टेबलावरच्या नकाशांतला माणूस. बटालियननंतर एकदम आर्मी! मधल्या डिव्हिजन, कोअर या पायऱ्या त्याने कधी चढल्याच नाहीत. 'पान्त्सर' म्हणजे मुळात चिलखत, तेव्हा भाषांतर हवेच असेल तर आपला 'चिलखती दल' हा शब्द तयार आहे.

सर्वांत फसवा शब्द तुमच्या प्रश्नात नाही, पण लिहिताना आडवा येईलच. सप्टेंबर १९४०पासून पाउलुस लष्कराच्या मुख्यालयात 'ओबरक्वार्टियरमाइस्टर १' होता. याचे 'मुख्य क्वार्टरमास्टर' केलेत की वाचक त्याला धान्य, दारूगोळा आणि गणवेशांच्या गोदामात नेऊन बसवणार. प्रत्यक्षात हे पद चीफ ऑफ जनरल स्टाफ हाल्डरच्या उपप्रमुखाचे. सोव्हिएत संघावरच्या स्वारीचा आराखडा तपासण्याचे आणि पटावर तिची रंगीत तालीम घेण्याचे काम पाउलुसकडे होते. न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात १९४६मध्ये सोव्हिएत बाजूने त्याला साक्षीला आणले ते उगाच नव्हे. इथे बेधडक 'जनरल स्टाफचा उपप्रमुख' लिहा.

'कर्नल जनरल' हे 'जनरलओबर्स्ट'चे इंग्रजीतून आलेले रूप. ओबर्स्ट म्हणजे कर्नल हे खरे, पण शब्दाचा मूळ अर्थ 'सर्वांत वरचा'. जनरलओबर्स्ट म्हणजे पूर्ण जनरल, फील्ड मार्शलच्या एकच पायरी खाली. मराठीत 'कर्नल जनरल' वाचणाऱ्याला हा कर्नलच्या आसपासचा कोणी वाटतो. पाउलुसला ही बढती १९४२च्या नोव्हेंबरअखेरीस मिळाली, तेव्हा त्याची आर्मी स्टालिनग्राडला आठवडाभर वेढ्यात अडकलेली होती.

फील्ड मार्शल तसाच ठेवा. फक्त माणेकशा आणि करिअप्पा यांच्यामुळे आपल्या मनात या शब्दाला जे दुर्मीळपण आहे ते तिथे लावू नका; हिटलरने १९ जुलै १९४० रोजी एका दमात बारा फील्ड मार्शल केले होते. पाउलुसला हा हुद्दा ३० जानेवारी १९४३ रोजी मिळाला. जर्मन फील्ड मार्शल आजवर कधी शरण गेलेला नाही, तेव्हा याने शरण जाण्याऐवजी जीव द्यावा, असा हिटलरचा त्यामागचा हिशेब. पाउलुस दुसऱ्याच दिवशी कैद झाला.

राहिला 'फॉन'. ती सरदार घराण्याची खूण. त्याच काळातल्या जर्मन सेनानी फॉन मानश्टाइनच्या नावात ती आहे, पाउलुसच्या नावात नाही. तो साध्या मध्यमवर्गीय घरातला, वडील हिशेबनीस. बायको एलेना मात्र रुमेनियातल्या उमराव घराण्यातली. रशियन आणि इंग्रजी लिखाणात हे 'फॉन' वारंवार चिकटवलेले दिसते, बहुधा जर्मन सेनानी म्हटला की तो सरदारच असणार या समजुतीने. मराठीत ते बिनदिक्कत गाळा.