प्रोनाउनचे प्रकार पाठ करण्याआधी शब्द वाक्यात काय करतोय ते बघा

ताई, तुमचा प्रश्न असा आहे की मुलगी नववीत, मराठी माध्यमातली, प्रोनाउनचे, म्हणजे इंग्रजी सर्वनामांचे, सगळे प्रकार तिला तोंडपाठ आहेत पण वाक्य समोर आलं की 'दॅट' कुठल्या प्रकारात टाकायचं ते कळत नाही, आणि एका पुस्तकात आठ प्रकार तर दुसऱ्यात दहा, मग खरं कुठलं? दोन्ही खरी आहेत. कोणी डिस्ट्रिब्युटिव्ह (एकेकाबद्दल बोलणारे, 'ईच'सारखे), रेसिप्रोकल (एकमेकांबद्दलचे, 'ईच अदर'सारखे) वेगळे मोजतं, कोणी दुसऱ्यात धरतं. त्या आकड्यात जीव अडकवू नका.

घोळ खरं म्हणजे यादी पाठ केल्यामुळेच होतो, कारण इंग्रजीत शब्दाला प्रकार चिकटलेला नसतो, त्या वाक्यात तो जे काम करतो त्यावरून प्रकार ठरतो. हे 'दॅट'वरच बघा. 'दॅट इज माय हाऊस' यात बोट दाखवलंय, म्हणून डेमॉन्स्ट्रेटिव्ह प्रोनाउन. 'दॅट हाऊस इज ओल्ड' यात पुढे लगेच हाऊस आलं, म्हणजे ते आता विशेषण झालं. 'द हाऊस दॅट वी सोल्ड' यात आपण विकलेलं 'जे' घर, म्हणून रिलेटिव्ह. आणि 'आय नो दॅट ही सोल्ड इट' यात ते नुसतं आपलं 'की' आहे, प्रोनाउन नाहीच. एक शब्द, चार कामं. ही चार वाक्यं तिच्याकडून मराठीत करून घ्या, मराठीत प्रत्येक वेळी वेगळं काहीतरी येतं (ते, ते घर, जे, की) आणि तिथेच तिला फरक दिसेल.

मराठीत तिने सर्वनामाचे सहा प्रकार शिकलेले असतात ना, पुरुषवाचक, दर्शक, संबंधी, प्रश्नार्थक, अनिश्चित, आत्मवाचक, ते इथे चांगलेच कामाला येतात, निम्म्याहून जास्त इंग्रजी प्रकार त्यांनाच जाऊन मिळतात. फक्त संबंधी आणि प्रश्नार्थक इथे सावध राहायचं. आपल्याकडे 'कोण' वेगळं, 'जो' वेगळं. इंग्रजीत दोन्हीला 'हू'. 'हू केम?' हा प्रश्न, 'द बॉय हू केम' हा जो आला तो मुलगा. आणि आपल्याला 'जो… तो' अशी जोडी लावायची सवय, म्हणून मुलं लिहितात 'द बॉय हू केम येस्टरडे ही इज माय कझिन'. तो 'ही' काढून टाकायचा, इंग्रजीला तिथे 'तो' लागत नाही. ही चूक मी पेपर तपासताना फार बघते.

पझेसिव्हची, म्हणजे मालकी दाखवणाऱ्या शब्दांची, कसोटी सोपी आहे, पुढे नाम आहे का बघा. 'माय पेन' मध्ये आहे, 'धिस पेन इज माइन' मध्ये नाही, खरं पझेसिव्ह प्रोनाउन हे दुसरं. बरीच पुस्तकं माय, युअर, हर यांना पझेसिव्ह अॅडजेक्टिव्ह म्हणतात ते याचसाठी. आणि युअर्स, हर्स, देअर्स यात कुठेही अपॉस्ट्रॉफी येत नाही, हे मात्र पाठच करा.

सेल्फवाल्या शब्दांचे दोन प्रकार असतात, रिफ्लेक्झिव्ह आणि एम्फॅटिक. शब्द झाकून वाक्य वाचायचं. 'शी हरसेल्फ कुक्ड द डिनर' मधून हरसेल्फ काढलं तरी वाक्य उभं राहतं, म्हणजे ते नुसतं जोर देण्यासाठी होतं, एम्फॅटिक. 'शी ब्लेम्ड हरसेल्फ' मधून काढा, दोष कोणाला दिला तेच जातं, म्हणून रिफ्लेक्झिव्ह. आता ओळख करून देताना आपल्याकडे सर्रास 'मायसेल्फ अमुक तमुक' म्हणतात ते का चुकतं तेही यातच आलं, मायसेल्फ एकट्याने कर्ता होत नाही, तिथे 'आय अॅम' हवं. मुलीला आत्ताच ही सवय लावा, पुढे इंटरव्ह्यूत उपयोगी पडेल.

पर्सनल प्रोनाउन सोपे वाटतात पण आपली आदराची सवय तिथे आडवी येते. 'माझे बाबा शिक्षक आहेत, ते रोज लवकर उठतात' याचं मुलं 'दे गेट अप' करतात. इंग्रजीत वडील असोत की राष्ट्रपती, एक पुरुष म्हणजे 'ही'. गंमत म्हणजे इंग्रजीतही पूर्वी एकट्याला 'दाऊ' आणि अनेकांना 'यू' असं होतं, मग आदराने एकट्यालाही 'यू' म्हणायला लागले आणि हळूहळू 'दाऊ' बोलण्यातून गेलंच, म्हणून आजही एकट्या माणसाला 'यू आर' म्हणतात, 'यू इज' नाही. मुलांना हे सांगितलं की 'आर' का, हा प्रश्न परत येत नाही. आणि 'इट' विसरू नका. आपण 'पाऊस पडतोय' म्हणतो, इंग्रजीला कर्त्याची जागा रिकामी चालत नाही म्हणून 'इट इज रेनिंग', तिथे त्या इटचा अर्थ शोधत बसायचं नाही.

बाकीचे पटकन होतात. समवन, एव्हरीवन, नथिंग हे इनडेफिनिट म्हणजे आपले अनिश्चित, ईच, आयदर, नायदर हे डिस्ट्रिब्युटिव्ह, आणि एव्हरीवन किंवा ईच आलं की क्रियापद एकवचनी, 'ईच ऑफ द बॉइज हॅज अ बुक', मधल्या बॉइजकडे बघून 'हॅव' लिहायचं नाही. ईच अदर, वन अनदर हे रेसिप्रोकल, एकमेकांना.

रोज तिच्याच धड्यातला एक परिच्छेद घ्या, प्रोनाउनखाली रेघ मारायला सांगा आणि प्रकार विचारण्याआधी 'हा शब्द कोणाबद्दल बोलतोय' एवढंच विचारा. प्रकाराचं नाव परीक्षेत तिच्या पाठ्यपुस्तकात जे असेल तेच लिहायचं, गाइडमधलं नाही.