दहावीतला पोरगा खेड्यात राहून व्यावसायिक गोलकीपर होऊ शकतो का?

तुम्ही विचारलंय की दर्यापूरकडचा तुमचा भाचा दहावीत आहे, गोलकीपर चांगला आहे. पण आता उशीर झाला का, आणि यात पोट भरेल का. मी विद्यापीठाच्या संघाचा गोलकीपर होतो, आता यवतमाळ जिल्ह्यात पोट्ट्यांना शिकवतो.

उशीर मुळीच झाला नाही. तिशी उलटली की फॉरवर्ड मंदावतो, गोलकीपर तेव्हा कुठं मुरतो. डिनो झॉफनं 1982 मध्ये इटलीला विश्वचषक जिंकून दिला तेव्हा तो चाळिशीत होता. इजिप्तच्या एसाम अल-हदारीनं 2018 च्या विश्वचषकात 45 व्या वर्षी पेनल्टी अडवली. आपला पीटर थंगराज तर आधी सेंटर फॉरवर्ड होता. फौजेत गोलकीपर झाला आणि ऑलिंपिक खेळून आला.

पोटाचं म्हणाल तर गोम वेगळी आहे. संघात गोलकीपरची जागा एकच. पहिला फॉर्मात असला की दुसरा हंगामभर बाकावर. म्हणून आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीग या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या नादात शाळा सोडू देऊ नका. शालेय स्पर्धा, सुब्रतो कप (शाळांची देशपातळीवरची फुटबॉल स्पर्धा) खेळू द्या, प्रमाणपत्रं जपा. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे; कोणत्या पदाला कोणत्या पातळीचं प्रमाणपत्र चालतं तेवढं आधी बघून घ्या. रेल्वे, पोलीस, फौज यांचेही संघ असतात.

आता सरावाचं. आपल्याकडचं मैदान म्हणजे मुरूम. कोपर, कंबर दोन-चारदा सोलली की पोरगं झेप टाळतं आणि नुसता पाय घालायला लागतं. ही सवय मोडता मोडत नाही, बाप्पा! आम्ही उन्हाळ्यात पेरणीआधी वखरलेल्या वावरात झेपा शिकवतो. ढेकळं तेवढी वेचून टाकायची. पोटावर नाही, कुशीवर पडायचं. ग्लोव्हजच्या तळव्याचं लॅटेक्स, म्हणजे रबरी थर, मुरमावर लगेच फाटतं, म्हणून सामन्याची जोडी वेगळी ठेवा आणि तळवा जरा ओला करूनच घाला. कोरड्यावर चेंडू निसटतो. पायानं पास देणंही शिकवा. 1992 पासून आपल्याच खेळाडूनं मुद्दाम पायानं दिलेला पास गोलकीपरला हातात घेता येत नाही.

भाच्याची उंची मात्र तुम्ही लिहिली नाही. भारताकडून खेळलेला गोलकीपर गुरप्रीतसिंग संधू साडेसहा फुटांच्या आसपास आहे. क्लबवाले ट्रायलला आधी तेच बघतात, त्यामुळे उंची कळवा, मग पुढचं सांगतो.