पिओरियाच्या भोवतालची गावे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेतील इलिनॉय राज्यात पिओरिया येथे अवजड यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीत अभियंता आहे. आता तो आणि सूनबाई शहर सोडून मॉर्टन किंवा वॉशिंग्टन नावाच्या लहान गावात घर घेणार म्हणतात. आमचे सारे आयुष्य नाशिकमध्ये गेले. परक्या देशात शहर सोडून खेड्यात राहायला जाणे आम्हाला पटत नाही. दवाखाना, नातीची शाळा, सोबतीला चार माणसे, यांचे तिथे काय होणार? येत्या सप्टेंबरात आम्ही दोघेही काही महिन्यांसाठी तिकडे जात आहोत.
(एक वाचक दांपत्य, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : आपल्या काळजीची दोन कारणे दिसतात, अंतर आणि एकटेपणा. पहिल्याची चिंता आपण सोडून द्यावी; दुसऱ्याची मात्र अवश्य करावी, कारण ती खरी आहे.

मॉर्टन आणि वॉशिंग्टन ही गावे पिओरियापासून वीस किलोमीटरच्या आसपास आहेत, म्हणजे नाशिकहून ओझर जेवढे लांब, साधारण तेवढीच. नाशिकमध्ये राहून ओझरच्या विमान कारखान्यात रोज जाणारी कुटुंबे आपल्या ओळखीची असतीलच. तिकडे राहणे गावात आणि काम शहरात, एवढाच फरक. मुळात पिओरिया हे शहरही फार मोठे नाही. १९७० मध्ये त्याची लोकसंख्या सुमारे १ लाख २७ हजार होती, ती २०२० च्या जनगणनेत १ लाख १३ हजारांवर आली. १९२५ मध्ये दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातून उभी राहिलेली कॅटरपिलर ही या साऱ्या परिसराची पोशिंदी कंपनी. तिने आपले मुख्यालय पिओरियातून हलवले असले, तरी नदीपलीकडच्या ईस्ट पिओरियात तिचा कारखाना आणि मॉर्टनमध्ये सुट्या भागांचे मोठे वितरण केंद्र आहे. म्हणून मॉर्टनला आपल्याकडच्या अर्थाने खेडे म्हणता येणार नाही. सुमारे सतरा हजार वस्तीचे ते गाव स्वतःच्या उद्योगांवरही उभे आहे, आणि अमेरिकेत डबाबंद होणाऱ्या भोपळ्याचा फार मोठा वाटा तिथल्या एकाच कारखान्यातून बाहेर पडतो. हा भोपळा सजावटीचा केशरी भोपळा नव्हे. तो फिकट तपकिरी सालीचा आणि घट्ट गराचा असतो. सप्टेंबरात गावाचा भोपळा महोत्सव भरतो, तो आपल्याला पाहायला मिळेल.

वैद्यकीय सोयीबाबत निश्चिंत असावे. कॅथलिक भगिनींनी १८७७ मध्ये सुरू केलेले पिओरियातील रुग्णालय आज आजूबाजूच्या अनेक काउंट्यांतील (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांतील) रुग्णांचा आधार आहे आणि राज्य विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाची एक शाखाही शहरात आहे. आपण मात्र प्रवासी आरोग्य विमा इथूनच काढून न्यावा, कारण तिथल्या उपचारांचा खर्च विम्याविना झेपणारा नसतो. शाळेचे म्हणाल, तर सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते. त्यामुळे घर पसंत करण्याआधी ते कोणत्या शाळा-जिल्ह्यात येते आणि त्यावर मालमत्ता कर किती बसतो, या दोन गोष्टी मुलाने कागदावर पाहून घ्याव्यात. इलिनॉयमधील मालमत्ता कर अमेरिकेतील सर्वांत जड करांपैकी आहे आणि शाळांचा खर्च मुख्यतः त्यातूनच चालतो.

आता एकटेपणाविषयी. ज्याला मोटार चालवता येत नाही, तो या गावांत घरात अडकतो. पिओरियाला प्रवासी रेल्वे नाही. शिकागोकडे जाणाऱ्या गाडीसाठी पन्नास-साठ किलोमीटरवरच्या नॉर्मल या गावी जावे लागते. दुपारी रस्त्यावर चालणारे माणूस दिसत नाही, आणि नाक्यावर उभे राहून गप्पा माराव्यात असा नाकाही नसतो. माणसे भेटतात ती ठरावीक ठिकाणी : चर्चमध्ये, सार्वजनिक वाचनालयात, शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या फुटबॉल सामन्याला आणि स्वयंसेवकांवर चालणाऱ्या अग्निशमन दलाच्या निधी-भोजनाला. यांपैकी वाचनालय आपल्याला सर्वांत सोयीचे. तिथे कोणीही जाऊन बसू शकतो आणि नातीसाठी गोष्टींचे कार्यक्रमही असतात. पिओरियात हिंदू मंदिर आहे आणि सणावाराला आपली माणसे तिथे भेटतील, परंतु सुनेने आणि मुलाने केवळ तेवढ्यावर राहू नये असे मला मनापासून वाटते. शाळेच्या किंवा गावच्या एखाद्या कामात ज्याने स्वतःहून हात घातला, त्याला तिथली माणसे नावाने ओळखू लागतात. जो वाट पाहत बसतो, त्याच्याशी वर्षानुवर्षे हात हलवण्यापलीकडे संबंध येत नाही.

तिथली माणसे आपल्यासारख्यांना कसे वागवतात, हे आपण विचारलेले नाही; तरी ते सांगणे मला आवश्यक वाटते. ही गावे बहुतांशी गोऱ्या लोकांची आहेत. ही दोन्ही गावे ज्या काउंटीत येतात, तिचे मुख्य ठिकाण असलेल्या पेकिन शहरात शंभर वर्षांपूर्वी कु क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेचा जोर होता, आणि तिथल्या हायस्कूलचे संघ चिनी लोकांना हिणवणाऱ्या नावाने खेळत असत. ते नाव १९८० मध्ये बदलण्यात आले. याच पेकिनचे सिनेटर एव्हरेट डर्कसन यांनी १९६४ चा नागरी हक्क कायदा संमत व्हावा म्हणून आपल्या पक्षाची मते वळवली, हेही तितकेच खरे. झेंडूला राष्ट्रीय फूल करावे, असा या डर्कसन यांचा आग्रह होता. त्यांच्या स्मरणार्थ पेकिनमध्ये दर सप्टेंबरात झेंडूचा उत्सव होतो. दसऱ्याच्या तोंडावर नाशिकपासून दूर असताना तो जरूर पाहावा.

एक सूचना अगदी आग्रहाची : घर तळघर असलेलेच घ्यावे. १७ नोव्हेंबर २०१३ रोजी, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, वॉशिंग्टन गावावरून टॉर्नेडो, म्हणजे भोवऱ्यासारखे फिरणारे वादळ गेले (शून्य ते पाच या मोजपट्टीवर त्याची तीव्रता ईएफ-४ होती) आणि शेकडो घरांच्या फक्त पायाच्या भिंती उरल्या. बरीच कुटुंबे त्या वेळी चर्चमध्ये होती, म्हणून मनुष्यहानी त्या मानाने कमी झाली. पुढच्याच शनिवारी गावच्या हायस्कूलचा फुटबॉलचा उपांत्य सामना होता. प्रतिस्पर्धी शाळेने घरे गमावलेल्या मुलांसाठी बस आणि जेवणाची व्यवस्था केली. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला भोंग्यांची चाचणी असते, तेव्हा घाबरू नये. इतर कोणत्याही वेळी भोंगा वाजला, तर काही न विचारता तळघरात उतरावे.

प्रश्न : मी दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबागायतदार आहे. माझी मुलगी पिओरियाजवळ राहते. जावईबापूंनी तिकडच्या शेतीचे फोटो पाठवले. मैलभर मका, मधेच एक एकटे घर, ना गावठाण, ना पाट, ना विहीर, ना ठिबक. पाण्यावाचून मका पिकतो कसा, आणि एवढा माल विकतात कुठे? बाजार समिती असते का?
(एक शेतकरी, ता. दिंडोरी)

उत्तर : फोटोतले एकटे घर समजून घ्यायचे, तर सव्वादोनशे वर्षांहून अधिक मागे जावे लागते. १७८५ च्या जमीन कायद्याने त्या प्रदेशाची मोजणी वस्ती होण्यापूर्वीच ठरवून टाकली. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशी टाउनशिप, तिचे प्रत्येकी एक चौरस मैलाचे छत्तीस भाग, आणि प्रत्येक भाग ६४० एकरांचा. त्यातला सोळावा भाग शाळेच्या खर्चासाठी राखलेला असे. पुढे त्याच रेषांवर जमिनी विकल्या गेल्या आणि ज्याने जमीन घेतली तो आपल्याच तुकड्यावर घर बांधून राहिला. आपल्याकडे वस्ती गावठाणात आणि शिवार भोवती, ही रचना तिथे कधी झालीच नाही. आजही रस्ते मैला-मैलावर एकमेकांना काटकोनात छेदत जातात. गावे नंतर आली, बहुतेक रेल्वेबरोबर, आणि बऱ्याच गावांच्या मध्यावर देवळाच्या कळसाहून उंच दिसते ते धान्याचे कोठार.

पाण्याविषयी आपल्याला नवल वाटेल, कारण तिथल्या शेतकऱ्याची अडचण आपल्या उलट होती. जमीन सपाट, काळी आणि ओलावा धरून ठेवणारी. मूळच्या उंच गवताच्या माळावर पाणी साचून राहायचे. शेतकऱ्यांनी तीन-चार फूट खोल चर खणून भाजक्या मातीच्या नळ्या पुरल्या, आणि आता त्यांच्या जागी छिद्रांच्या प्लास्टिक नळ्या घालतात. जास्तीचे पाणी त्यांतून ओढ्याला जाते. आपण गंगापूर धरणाचे पाणी पाटाने आणि मग ठिबकने मुळाशी नेतो, ते मुळाशी आलेले पाणी बाहेर काढतात. पाऊस वर्षभर विभागून पडतो, म्हणून बहुतेक मक्याला ओलित लागत नाही. ड्रमर नावाची ही काळी माती इलिनॉयची अधिकृत राज्यमृदा आहे. या जमिनीत चांगल्या वर्षी एकरी दोनशे बुशेल मका होतो, म्हणजे साधारण पन्नास क्विंटल. एप्रिलअखेर ते मे पेरणी आणि सप्टेंबरपासून काढणी चालते. मका आणि सोयाबीन आलटून-पालटून घेतात.

बाजार समिती नसते आणि लिलावही नसतो. लासलगावला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात, व्यापारी एकेका गाडीशी येऊन बोली लावतात आणि कांद्याचा भाव शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर ठरतो. तिथे शेतकरी ट्रक घेऊन धान्य कोठारावर जातो. ट्रक वजनकाट्यावर उभा राहिला, की वरून एक पोकळ दांडा यंत्राने मक्यात खुपसला जातो, नमुना नळीतून खिडकीआडच्या माणसाकडे जातो आणि थोड्याच वेळात ओलाव्याचा आकडा पडद्यावर येतो. ओलावा पंधरा टक्क्यांहून जास्त भरला, तर वाळवणीचे पैसे कापतात. मग ट्रक जाळीवर रिकामा करायचा, रिकाम्याचे वजन करायचे आणि पट्टी घेऊन परत फिरायचे. भाव ठरतो तो १८४८ पासून चालत आलेल्या शिकागोच्या धान्य वायदे बाजारात. त्यातून वाहतुकीचा आणि स्थानिक मागणीचा फरक वजा-अधिक करून कोठारवाला आपला दर लावतो. शेतकरी पेरणीआधीच थोडा माल पुढच्या भावाने विकून ठेवू शकतो. ही सोय मला मोलाची वाटते. मात्र एकाच दिवशी दहा व्यापाऱ्यांनी समोरासमोर बोली लावणे त्याच्या वाट्याला येत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

कोठारातला बराच मका इलिनॉय नदीवर जातो. एका बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावेत, सुमारे १,५०० टन धान्य मावते. अशा बार्जांचा तांडा एका बोटीने ढकलत मिसिसिपीतून न्यू ऑर्लिन्सकडे नेतात. काही मका पेकिनमध्येच इथेनॉलसाठी जिरतो. मक्याशी जोडलेली एक हकिगत इथे सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पिओरियातील सरकारी कृषी प्रयोगशाळेत पेनिसिलिनचे उत्पादन वाढवण्याचे काम चालले होते. मक्यापासून स्टार्च काढताना उरणाऱ्या द्रवात बुरशी भराभर वाढते, असे तिथे आढळले. १९४३ मध्ये शहराच्याच फळबाजारातल्या एका बुरशी लागलेल्या खरबुजावर औषध भरपूर देणारा वाण मिळाला. तोवर प्रयोगशाळेपुरते असलेले औषध रणांगणावरच्या जखमींपर्यंत पोचले, त्यात या मका-पट्ट्याचा असा वाटा आहे.

शेतीचे दुसरे अंग मात्र चिंतेचे आहे. केवळ धान्यावर घर चालवायचे, तर तिकडे हजार-बाराशे एकर कसावे लागतात. एवढी जमीन स्वतःची क्वचितच असते. बरीचशी खंडाने किंवा अर्धेलीने घेतलेली असते, आणि मालक अनेकदा दूरच्या शहरात राहणारी वारस मंडळी असतात. जिथे पूर्वी एका चौरस मैलात तीन-चार कुटुंबे राहत, तिथे आता एखादेच उरले आहे. मुले कमी झाली म्हणून शेजारच्या गावांनी शाळा एकत्र केल्या, आणि शाळा गेली की गावातले दुकानही टिकत नाही. पिओरियाच्या जवळची गावे नोकरदारांमुळे तग धरून आहेत. तासाभराच्या अंतरावरची थकत चालली आहेत. दहा एकरांच्या बागेवर घर आणि पाच-दहा मजूर कुटुंबे उभी राहतात, हे दिंडोरीचे बळ आपण कमी लेखू नये.

आपण काढणीच्या वेळी तिकडे असाल, तर जावईबापूंना ओळखीच्या शेतकऱ्याशी आधी फोनवर बोलायला सांगावे. न विचारता कोणाच्या शेतात पाऊल टाकू नये. विचारले, तर शेतकरी बहुधा आपल्या शेजारच्या आसनावर बसवून कापणी-मळणी यंत्रातून शेत दाखवतात.

प्रश्न : तिकडच्या गावांत ग्रामपंचायत असते का? सरपंच कोण निवडतो?
(ग्रामपंचायत सदस्य, ता. सिन्नर)

उत्तर : असते, पण एकाच ग्रामपंचायतीकडे सगळी कामे नसतात. गावाचे निवडून आलेले मंडळ आणि अध्यक्ष पाणी, रस्ते आणि पोलीस पाहतात. शाळेचे मंडळ वेगळे निवडले जाते, आणि अग्निशमन, वाचनालय, उद्याने यांचीही बऱ्याच ठिकाणी स्वतंत्र मंडळे असून ती स्वतंत्र कर लावतात. गावाबाहेरचे शेतरस्ते टाउनशिपचा निवडून आलेला अधिकारी सांभाळतो, तर न्यायालय आणि जमिनीचे दप्तर काउंटीकडे असते. स्थानिक मंडळांची संख्या इलिनॉयमध्ये अमेरिकेतील इतर सर्व राज्यांपेक्षा जास्त आहे. यामुळे जबाबदारी कोणाची, हे शोधताना नागरिक थकतो, असे माझे मत आहे. मात्र करपावतीवर प्रत्येक मंडळाची रक्कम वेगळी छापलेली असते, ही पद्धत आपण इथे अवश्य मागावी.

काउंटीचे ठिकाण कोणत्या गावी असावे, यावरून तिकडेही भांडणे झाली आहेत. वुडफर्ड काउंटीचे ठिकाण १८९६ पर्यंत मेटामोरा येथे होते, नंतर ते युरेका येथे गेले. मेटामोराच्या जुन्या न्यायालयात अब्राहम लिंकन यांनी वकिली केली होती आणि ती इमारत राज्याने जपली आहे. युरेकाच्या छोट्या महाविद्यालयातून १९३२ मध्ये रोनाल्ड रेगन पदवीधर झाले.

मंडळांच्या बैठका कायद्याने खुल्या असतात. विषयपत्रिका आधी लावली जाते, आणि ठरलेल्या वेळेत कोणाही उपस्थिताला उभे राहून बोलता येते. आपल्या ओळखीचे कोणी तिकडे असल्यास त्यांनी एकदा अशा बैठकीला मागच्या रांगेत बसावे आणि विषयपत्रिकेची एक प्रत आपल्याला पाठवावी.