एफ७ वरचा घोडा

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा येथील आंतरशालेय बुद्धिबळ स्पर्धेत काळे मोहरे घेऊन खेळताना वीस चालींच्या आत हरला. पांढऱ्याचा घोडा एफ७ वर, म्हणजे काळ्या राजाशेजारच्या घरावर, येऊन पडला आणि राजा उघड्यावर आला. चालींची नोंद सोबत पाठवीत आहे. माझे सासरे देशी पद्धतीने खेळतात. त्यांच्या मते मारलेले प्यादे परत मारण्यात मुलाचे काहीच चुकले नाही. त्याने ही सुरुवात सोडून द्यावी का?
— एक वाचक भगिनी, रामबाग, इंदूर

उत्तर : सोडू नये. मी पट मांडून हा डाव दोनदा खेळून पाहिला. टू नाइट्स बचाव, म्हणजे काळ्याने दोन्ही घोडे काढून खेळलेली ही सुरुवात, भक्कम आहे. चुकली ती फक्त पाचवी चाल.

पांढऱ्याचा घोडा जी५ वर आला, की त्याचा आणि सी४ वरील उंटाचा रोख एफ७ वर जमतो, आणि त्या घराला राजाखेरीज कोणाचा आधार नसतो. मुलाने डी५ वर प्यादे टाकून उंटाची वाट अडवली, हे योग्यच केले. पांढऱ्याने ते मारल्यावर मात्र मुलाने पाचव्या चालीत घोड्याने परत मारले. मग एफ७ वर घोड्याचा बळी आला. तो वजीर आणि हत्ती या दोघांवर उठत असल्यामुळे राजाला तो मारणे भाग पडले, आणि लगेच वजिराने एफ३ वरून शह देत डी५ च्या घोड्यावरही जोर लावला. राजा मागे घ्यावा तर घोडा जातो, घोडा राखावा तर राजाला ई६ वर, भर पटात, यावे लागते. सुमारे ४०० वर्षांपूर्वी इटलीच्या पोलेरिओ या खेळाडूने खेळलेला हा हल्ला फ्राइड लिव्हर या नावाने ओळखला जातो. अचूक खेळून काळा तग धरू शकतो, पण घड्याळ चालू असताना एवढ्या लहान मुलाकडून ती अपेक्षा करणे मला रास्त वाटत नाही.

आपल्या सासऱ्यांचे म्हणणेही समजण्यासारखे आहे. देशी खेळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकते, त्यामुळे मोहरे इतक्या लवकर भिडत नाहीत.

पाचव्या चालीत घोडा ए५ वर न्यावा. उंट बी५ वरून शह देतो, काळा सी६ चे प्यादे मध्ये घालतो, तेथे प्याद्यांची मारामारी होऊन उंट मागे फिरतो आणि मग एच६ च्या प्याद्याने घोडाही हुसकावता येतो. एक प्यादे कमी राहते खरे, पण पांढऱ्याचे दोन मोहरे माघार घेत असताना काळ्याचे मोहरे भराभर बाहेर पडतात. प्यादे देणे मुलाला रुचत नसेल, तर तिसऱ्या चालीत घोड्याऐवजी उंट सी५ वर काढावा. एफ६ मोकळे असल्याने जी५ वर आलेला घोडा वजीर सरळ मारतो.

एखाद्या संध्याकाळी एफ७ वर घोडा पडल्याची स्थिती मांडून काळे मोहरे आजोबांना द्यावेत आणि पांढऱ्याकडून मुलाने खेळावे.