आईविना पहिल्या बाळंतपणाला निघालेल्या लेकीस

प्रिय लेकी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. ‘आई सकाळी फोनवर मला दुपट्यांचं सांगत होती आणि दुपारी बाबांचा फोन आला. धडधाकट माणूस असं जाऊ शकतं, तर माझं बाळ रात्री झोपेत गेलं तर?’ याला ‘असं काही होत नाही गं’ एवढं म्हणून मी तुझी बोळवण करणार नाही. माझी सगळी नोकरी प्रसूतिकक्षात आणि नवजात बाळांच्या वॉर्डात गेली. बाळं जातात, आयाही जातात, हे मी पाहिलेलं आहे. आणि त्यातली कितीतरी वाचवता येतात, हेही पाहिलेलं आहे.

आधी आईचं बोलू. ‘पित्त झालंय, जरा पडते’ असं ती म्हणाली आणि तूही ‘पड थोडी’ म्हणालीस. तेच एक वाक्य तू रोज रात्री घोळवत बसतेस. बायकांचा हृदयविकाराचा झटका पुष्कळदा तसाच येतो. छातीत कळ येतेच असं नाही. पाठ दुखते, जबडा दुखतो, मळमळतं, दरदरून घाम येतो, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. बाई त्याला पित्त म्हणते, घरचेही तेच म्हणतात, आणि कधीकधी दवाखान्यातूनही पित्ताची गोळी देऊन घरी पाठवतात. फोनवरून, एवढ्या लांबून, सात महिन्यांची गरोदर पोर ते ओळखणार कशी? तुझ्याकडून काही राहून गेलेलं नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, वॉर्डात जे पाहिलं त्यावरून लिहितेय.

मात्र बाबांना आणि मावशीला एवढं सांगून ठेव: पित्तासोबत घाम किंवा धाप असेल तर पडून राहायचं नाही, ताबडतोब ईसीजी काढायचा. आणि तुझ्या डॉक्टरांनाही आईचं सांग. आई किंवा बहिणीला पासष्टीच्या आत हृदयविकार झाला असेल, तर तो घरातला इतिहास म्हणून धरतात. बाळंतपणानंतर तुझी साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब नियमित बघायला हवं. मावशीला आणखी एक विचार: तुझ्या वेळी आईला बीपी वाढलं होतं का, अंगावर सूज होती का? आईला गरोदरपणात तो त्रास झाला असेल तर मुलीला होण्याची शक्यता थोडी जास्त असते. ही माहिती आता फक्त मावशीकडेच आहे.

‘पोटुशी बाईनं मयत बघू नये’ म्हणून तुला शेवटचं दर्शनही घेऊ दिलं नाही. मला ते मुळीच पटलेलं नाही. आईचा चेहरा पाहिल्यानं कुणाच्या पोटातल्या बाळाला काही झाल्याचं मी कधी पाहिलं नाही, आणि न पाहता राहिलेली माणसं वर्षानुवर्षं दाराकडे बघत बसतात, ते मात्र पाहिलंय. आता ते परत करता येत नाही. पण ‘रडू नकोस, बाळाला त्रास होईल’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. रड. रडण्यानं बाळाला काही होत नाही. झोप उडणं, जेवण तुटणं, ‘मी नसते तर बरं’ असे विचार येणं, हे दोन आठवड्यांच्या वर चाललं तर मात्र ते नुसतं दुःख राहत नाही. १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीच्या टेलिमानस सेवेचा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. विचार मरणाच्या वाटेला जायला लागले तर दोन आठवडे कसले, त्याच क्षणी नवऱ्याला उठवायचं आणि मला फोन करायचा, वेळ कुठलीही असो.

आता बाळाचं. झोपेत बाळ जाण्याचं तू जे वाचलंस, त्याला डॉक्टर ‘सिड्स’ म्हणतात. वर्षाच्या आतलं, वरवर ठणठणीत बाळ झोपेत जातं आणि शवविच्छेदनातही कारण सापडत नाही. दोन ते चार महिन्यांच्या काळात धोका सर्वात जास्त, सहा महिन्यांनंतर फार कमी. पाश्चात्त्य देशांत कित्येक वर्षं डॉक्टरच सांगत असत की बाळाला पालथं झोपवा, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. तिथल्या आयांनी ते निमूट ऐकलं. मग न्यूझीलंड आणि ब्रिटनमधल्या संशोधकांना दिसलं की गेलेली बाळं बहुतेक पालथी झोपवलेली होती. अ‍ॅन डायमंड ही ब्रिटिश टीव्हीवरची निवेदिका. जुलै १९९१ मध्ये तिचा चार महिन्यांचा सेबॅस्टियन असाच झोपेत गेला. तिनं शोध घेतला, थेट न्यूझीलंडला जाऊन तिथली मोहीम पाहिली, आणि परत येऊन आपल्या सरकारच्या मागे लागली. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिटनमध्ये ‘बाळाला उताणं झोपवा’ ही मोहीम सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत तिथले असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. अमेरिकेनं तीच मोहीम १९९४ मध्ये घेतली. नवं औषध नाही की यंत्र नाही, बाळाची कूस तेवढी बदलली. मूल गेलेल्या आईनं विचारणं सोडलं नाही म्हणून कितीतरी घरांतली बाळं मोठी झाली, हे मला फार मोठं वाटतं.

म्हणून झोपेची प्रत्येक वेळ, दुपारचीसुद्धा, बाळ उताणंच. सासूबाई म्हणतील, दूध वर आलं तर ठसका लागेल. त्यांची काळजी खोटी नाही, पण शरीराची रचना बघ: उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत जायचं तर वर चढावं लागतं. पालथं असताना नेमकं उलटं होतं. जागेपणी, तुझ्या डोळ्यांसमोर, थोडा वेळ पोटावर ठेवायला काहीच हरकत नाही, त्यानं मान धरायला मदतच होते.

अंथरूण घट्ट हवं. कापूस चांगला पिंजून भरलेली आपली गादी उत्तम. मऊ फोम, उशी, मोहरीची उशी, जाड रजई, खेळणी, काही नको. आईनं जुन्या सुती साड्यांची दुपटी करून ठेवली आहेत ना, तीच वापर. दुपटं छातीपर्यंत, काखेच्या खाली, कडा गादीखाली खोचलेल्या, म्हणजे ते तोंडावर सरकत नाही. बाळ तुझ्याच खोलीत, तुझ्या हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या अंथरुणावर. कुशीत घेऊन पाजताना डोळा लागतो, सगळ्यांचाच लागतो. म्हणून पाजायचं ते पलंगावर किंवा जमिनीवरच्या गादीवर. सोफ्यावर बाळाला घेऊन झोपणं सर्वात घातक. आणि घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल किंवा दारू घेत असेल, तर त्यानं बाळाच्या अंथरुणावर झोपायचं नाही, यात कुणाचा मुलाहिजा ठेवू नकोस.

तू ज्या महागड्या मोज्यांची लिंक पाठवलीस, श्वास मोजणारे, ते घेऊ नकोस. अशा यंत्रांनी सिड्स टळतो असं दिसलेलं नाही. रात्रभर खोटे गजर वाजतील आणि तुझी उरलीसुरली झोपही जाईल.

आता जरा थांब आणि हेही लक्षात घे. आपल्याकडे बाळं जातात ती मुख्यतः दिवस भरण्याआधी जन्मल्यानं, जन्मताना गुदमरल्यानं आणि जंतुसंसर्गानं. त्यातलं बरंचसं पहिल्या महिन्यात घडतं, आणि तिथे ओळखायला वेळ मिळतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत काम सुरू केलं, त्या सुरुवातीच्या काळात, १९८८ मध्ये, तिथल्या गावांत हजार जन्मांमागे १२१ बाळं वर्षाच्या आत जात होती. त्यांनी ३९ गावांतल्या साध्या बायकांना शिकवलं: घरी जाऊन बाळ तपासायचं, वजन करायचं, ऊब द्यायची, श्वास मोजायचे, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायचं. पहिल्या महिन्यातले मृत्यू हजारी ६२ होते, ते तीन वर्षांत २५ वर आले. १९९९ मध्ये ते जगापुढे छापून आलं आणि २०११ पासून आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंत झालीस तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताई यायला हव्यात. आल्या नाहीत तर फोन करून बोलाव, शहरात राहतेस म्हणून लाजू नकोस.

त्या बायका जे बघत तेच तूही बघ. बाळ आधी नीट पीत होतं आणि आता ओढतच नाही. हातपाय गळून गेलेत, रडणं क्षीण झालंय. पोट-छाती हाताला गार लागते, किंवा तापलीय. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते, कण्हल्यासारखा आवाज येतो. नाळेतून पू येतो. श्वास मोजायचा तो बाळ शांत असताना, पोटाकडे बघत, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त आला तर पुन्हा मोज. दुसऱ्यांदाही तसाच आला तर दवाखाना. यातलं एकही लक्षण दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं. १०८ फोनमध्ये आत्ताच साठव. रात्री दोनला जागी होऊन बाळाच्या नाकाशी बोट धरायचा तुझा हात काही केल्या राहणार नाही, तर त्याला हे काम दे: पोट गार आहे का, श्वास किती. दोन्ही ठीक असतील तर झोप.

घरातल्या रीतींविषयी. सोनं उगाळून मध चाटवणं नको, मधातल्या जंतूंमुळे लहान बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात, वर्षापर्यंत मध नाहीच. घुटी नको, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीही नको. न्हाऊ घालणाऱ्या बाईला आधीच सांग की नाकात तेल सोडायचं नाही, ते फुप्फुसात उतरतं. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून शेक-धुरी अजिबात नको: तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांनी दोन पोरं वाढवलीत आणि त्या तुझ्यासाठीच हे करतायत. माझं नाव पुढे कर, ‘सिस्टरकाकूंनी बजावलंय’ म्हण, मी बोलेन.

आणि तू स्वतः. बाळाच्या काळजीत तुझा जीव तू विसरलीयस. २०१८-२० च्या सरकारी पाहणीत लाख जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ आया गेल्या, देशात ९७. प्रमाण पूर्वीपेक्षा पुष्कळ उतरलंय, पण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव अजूनही आयांचा सर्वात मोठा शत्रू आहे. गर्भाशय आवळलं नाही तर दोन तासांतही बाई जाऊ शकते. म्हणून जिथे रक्त मिळतं, रात्रीही डॉक्टर असतात, तिथेच नाव घाल. बाळ झाल्याबरोबर गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात का आणि किती रक्त गेलं ते मोजतात का, हे सरळ विचार. केनिया, नायजेरिया, टांझानिया, दक्षिण आफ्रिकेतल्या ८० रुग्णालयांत हे करून पाहिलं: खुणा असलेल्या पिशवीत रक्त मोजायचं आणि जास्त दिसताच सगळे उपाय एकदम सुरू करायचे. २०२३ मध्ये निष्कर्ष आला, गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी. डोळ्यांच्या अंदाजावर राहिलं की उशीर होतो, हे मी प्रसूतिकक्षात पाहिलंय. घरी आल्यावर तासाभरात पॅड चिंब होणं, डोकं फुटल्यासारखं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, एका पोटरीला सूज, धाप, थंडी वाजून ताप, यातलं काहीही झालं तर ‘बाळंतिणीला होतंच असं’ ऐकून बसू नकोस. सव्वा महिना होईपर्यंत तू तितकीच नाजूक आहेस.

गुरुवारी तपासणीला जाशील तेव्हा बीपी, हिमोग्लोबिन आणि लघवीतलं प्रथिन, तिन्ही आकडे मला पाठव. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर, चहाबरोबर नाही. तुझा आणि नवऱ्याचा रक्तगट फाईलच्या वरच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. पहिले पंधरा दिवस मी तिकडे येतेय, बाबांशी आणि तुझ्या सासूबाईंशी माझं बोलणं झालंय. तारखेच्या आधी आठवडाभर पोहोचेन. कळा आधी सुरू झाल्या तर कितीही वाजता फोन कर.

तुझी,
सिस्टरकाकू